विनफॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ एकत्र केल्यावर प्रोग्रॅम उघडतानाच बंद पडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनफॉर्म्समधला (मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटवर खिडक्या-बटणं बनवायची जुनी पद्धत) जुना प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला असतो. ग्राहक म्हणतो, जरा नवं रूप द्या. सगळं नव्यानं लिहायला ना वेळ असतो ना पैसा, म्हणून दोन-तीन स्क्रीन डब्ल्यूपीएफमध्ये (त्याच कामाची नवी पद्धत) करून आत बसवले जातात. मग एके सकाळी एक्झेवर (प्रोग्रॅमच्या फाइलवर) डबल-क्लिक केलं की कर्सरपाशी क्षणभर चक्र फिरतं आणि काहीच उघडत नाही. यावर मला येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, विचित्र शेवटी. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचून मगच पुढे उडी मारा.

१. हे दोन्ही एका प्रोग्रॅममध्ये चालतात तरी का? की मी मुळातच चुकीचं काहीतरी करतोय?

चालतात, आणि अधिकृतपणे चालतात. विनफॉर्म्स २००२ साली डॉट नेटच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आलं, डब्ल्यूपीएफ २००६ च्या अखेरीस डॉट नेट ३.० बरोबर. जुना माल एका रात्रीत कोणी टाकून देणार नाही हे मायक्रोसॉफ्टला तेव्हाच माहीत होतं, म्हणून दोन पूल सुरुवातीपासूनच दिलेले आहेत. विनफॉर्म्सच्या फॉर्ममध्ये डब्ल्यूपीएफचा तुकडा बसवायला एलिमेंटहोस्ट, आणि डब्ल्यूपीएफच्या खिडकीत जुना कंट्रोल बसवायला विंडोजफॉर्म्सहोस्ट.

अडचण येते ती दोघांच्या स्वभावामुळे. विनफॉर्म्समध्ये प्रत्येक बटण, प्रत्येक टेक्स्टबॉक्स ही विंडोजच्या लेखी वेगळी खिडकी असते. डब्ल्यूपीएफ मात्र एकच खिडकी मागून घेतं आणि आतलं सगळं डायरेक्टएक्सनं स्वतः रंगवतं. शिवाय दोघांकडेही ‘ॲप्लिकेशन’ नावाचा क्लास आहे आणि प्रोग्रॅम आपणच चालवतोय असं दोघांनाही वाटतं. घरात कारभारी एकच असावा लागतो. मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेथड) कोणाचा, मेसेज लूप (माउस-कीबोर्डच्या घडामोडी हाताळत राहणारं चक्र) कोणाचा, प्रोग्रॅम कधी संपला हे कोण ठरवणार, हे पहिल्या दिवशी ठरवा. खालचे निम्मे प्रश्न ते न ठरवल्यामुळे आलेले आहेत.

२. एरर वगैरे काहीच दिसत नाही, नुसतं बंद होतं. शोधायचं कुठे?

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्समधल्या ॲप्लिकेशनवर जा. एकाच वेळेच्या दोन लाल नोंदी सापडतील. एकीचा स्रोत ‘ॲप्लिकेशन एरर’, क्रमांक १०००. दुसरीचा ‘डॉट नेट रनटाइम’, क्रमांक १०२६. लोक पहिलीचा स्क्रीनशॉट पाठवतात. कामाची दुसरी. तिच्यात एक्सेप्शनचं (प्रोग्रॅम चालताना उठलेल्या चुकीचं) नाव आणि कोणत्या मेथडमधून कोणती मेथड बोलावली त्याची पूर्ण साखळी असते.

साखळी वाचताना तुमच्या स्वतःच्या नेमस्पेसमधली सर्वांत वरची ओळ शोधा. तिच्या वर असतात त्या फ्रेमवर्कच्या आतल्या गोष्टी, त्यात बुडून फायदा नाही. १०२६ ची नोंद नसेलच, फक्त १००० ची असेल, तर प्रोग्रॅम बहुधा डॉट नेटच्या बाहेरच्या कोडमध्ये कोसळलाय, म्हणजे ड्रायव्हर, जुना ओसीएक्स (जुन्या पद्धतीचा तयार कंट्रोल) किंवा सी प्लस प्लसमधली डीएलएल (कोडची वेगळी फाइल). मग प्रश्न ३ मधले कोड पाहा.

तुमच्याच मशीनवर होत असेल तर व्हिज्युअल स्टुडिओत कंट्रोल-ऑल्ट-ई दाबा आणि कॉमन लँग्वेज रनटाइमच्या सगळ्या एक्सेप्शन्सवर टिक करा. मग एक्सेप्शन फेकलं जातं त्याच ओळीवर डीबगर थांबतो.

३. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दोषी मॉड्यूल म्हणून कर्नलबेस डॉट डीएलएल दिसतंय. विंडोज खराब झालंय का? फॉरमॅट मारू का?

नका मारू. डॉट नेटमधलं कुठलंही न पकडलेलं एक्सेप्शन शेवटी कर्नलबेसमधूनच उठवलं जातं, म्हणून नाव त्याचं येतं. निरोप्यालाच चोर ठरवण्यातला प्रकार. त्याऐवजी त्याच नोंदीतला एक्सेप्शन कोड बघा. शेवट ई०४३४३५२ असा असेल तर ते साधं डॉट नेट एक्सेप्शन आहे, खरं कारण १०२६ च्या नोंदीत मिळेल. सी००००००५ म्हणजे नको त्या मेमरीला हात लागला. सी००००१३५ म्हणजे लागणारी डीएलएल सापडली नाही. सी००००३७४ म्हणजे हीप (प्रोग्रॅमनं मागून घेतलेली मेमरी) बिघडली, आणि अशा वेळी प्रोग्रॅम जिथे पडला तिथे चूक क्वचितच असते. ती त्याच्या बरीच आधी होऊन गेलेली असते.

४. मेनमध्ये सगळ्या कोडभोवती ट्राय-कॅच (एक्सेप्शन पकडणारा कोड) लावलाय. तरी पकडत नाही, असं कसं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न आहे, कारण मीही यात एक अख्खी दुपार घालवली होती.

मेन चालायच्या आधी रनटाइम ती मेथड कंपाइल करतं. कंपाइल करताना तिच्यात उल्लेख असलेले टाइप लागतात, आणि त्यासाठी त्यांच्या डीएलएल शोधल्या जातात. विंडोजफॉर्म्सइंटिग्रेशनची किंवा तुमच्या डब्ल्यूपीएफ लायब्ररीची डीएलएल तिथेच सापडली नाही, तर एक्सेप्शन ट्रायच्या आत शिरण्याआधीच फेकलं जातं. तुमचा कॅच अजून जन्मालाच आलेला नसतो.

उपाय असा. मेनमध्ये फक्त ॲपडोमेनचा (प्रोग्रॅमचा कोड ज्यात चालतो तो डॉट नेटचा कप्पा) अनहँडल्ड एक्सेप्शनचा हँडलर जोडा आणि ‘सुरू करा’ अशा अर्थाची एकच दुसरी मेथड बोलवा. यूआयचा (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचा) प्रत्येक उल्लेख त्या दुसऱ्या मेथडमध्ये न्या आणि तिच्यावर नोइनलायनिंगची खूण लावा, नाहीतर कंपायलर ती परत मेनमध्ये मिसळू शकतो. हँडलरमध्ये मेसेजबॉक्स दाखवू नका, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. यूआयच मेलेलं असताना यूआयनं बातमी द्यावी ही अपेक्षा चुकीची आहे.

विनफॉर्म्सचं थ्रेडएक्सेप्शन आणि डब्ल्यूपीएफचं डिस्पॅचरअनहँडल्डएक्सेप्शन हे दोन निरनिराळे हँडलर आहेत. दोन्ही लावा. एकाला दुसऱ्याच्या घरातलं ऐकू येईल यावर विसंबू नका.

५. झॅमलपार्सएक्सेप्शन (झॅमल म्हणजे डब्ल्यूपीएफचे स्क्रीन लिहायची भाषा) येतंय, ओळ क्रमांक पण देतंय, पण त्या ओळीत काहीच चूक नाही.

ओळ बरोबरच आहे. हे एक्सेप्शन म्हणजे नुसतं पाकीट, पत्र आत आहे. ‘कन्स्ट्रक्टर चालवताना एक्सेप्शन आलं’ एवढंच ते सांगतं. इनरएक्सेप्शन उघडा, त्याच्या आत आणखी एक असेल तर तेही उघडा. तळाशी सहसा तीनपैकी एक असतं: रिसोर्स सापडला नाही (प्रश्न ६), फाइल किंवा असेंब्ली (डॉट नेटची डीएलएल किंवा एक्झे) सापडली नाही (प्रश्न ११), किंवा तुमच्या व्ह्यूमॉडेलच्या (स्क्रीनला माहिती पुरवणाऱ्या क्लासच्या) कन्स्ट्रक्टरनं डेटाबेसला हात घातला आणि सर्व्हर बंद होता.

६. तोच यूजर कंट्रोल वेगळ्या डब्ल्यूपीएफ प्रोजेक्टमध्ये छान चालतो. विनफॉर्म्समध्ये टाकला की ‘रिसोर्स सापडला नाही’ म्हणून क्रॅश. का?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

डब्ल्यूपीएफच्या प्रोजेक्टमध्ये ॲप डॉट झॅमल असते. रंग, स्टाइल, टेम्प्लेट सगळं आपण तिच्यात ठेवतो. प्रोग्रॅम सुरू होताना तिच्यातून ॲप्लिकेशनचा ऑब्जेक्ट बनतो आणि स्टॅटिकरिसोर्सला (झॅमलमधून रिसोर्स मागायची खूण) हवं ते तिथे मिळतं. तुमचा मेन विनफॉर्म्सचा असेल तर ही फाइल कोणी उघडतच नाही. ॲप्लिकेशन डॉट करंट नल (रिकामा) असतो. त्यामुळे स्टॅटिकरिसोर्स रिकाम्या हातानं परततो, आणि कोडमध्ये कुठे ॲप्लिकेशन डॉट करंट वापरला असेल तर तिथे नलरेफरन्स मिळतो. दोन वेगळ्या चुका वाटतात, मूळ एकच.

उपाय: पहिला एलिमेंटहोस्ट बनायच्या आधी, विनफॉर्म्सच्या मेनमध्येच, डब्ल्यूपीएफचा ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट स्वतः तयार करा. त्याचा शटडाउनमोड ‘ऑनएक्स्प्लिसिटशटडाउन’ ठेवा (का ते प्रश्न ९ मध्ये). मग स्टाइलची रिसोर्स डिक्शनरी त्याच्या मर्ज्ड डिक्शनरीजमध्ये जोडा. त्यावर रन मात्र बोलवू नका. लूप विनफॉर्म्सचाच राहू द्या.

एक खोच अशी की क्रम उलटा झाला, म्हणजे ॲप्लिकेशनच्या क्लासला हात लागण्याआधीच पॅक पत्ता (डब्ल्यूपीएफमध्ये आतल्या फाइल्सना देतात तो) वापरून यूआरआय बनवला, तर ‘इनव्हॅलिड पोर्ट’ असा अगम्य एरर येतो. पोर्टचा आणि नेटवर्कचा काही संबंध नसतो. पॅक या शब्दाची ओळख यूआरआयच्या यंत्रणेला अजून झालेली नसते, म्हणून ती त्यातल्या विरामचिन्हांतून पोर्ट नंबर वाचायला जाते. हा एरर पाहून फायरवॉल बंद करून बसलेले लोक मी पाहिलेत.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक यूजर कंट्रोलनं स्वतःच्या रिसोर्सेसमध्येच डिक्शनरी जोडून घेणं. कंट्रोल चार-पाच असतील तर मला हाच बरा वाटतो, पाहुणा आपला डबा घेऊन येतो.

७. प्रश्न ६ प्रमाणे ॲप्लिकेशन बनवला. आता म्हणतंय, एकापेक्षा जास्त बनवता येणार नाहीत!

एका ॲपडोमेनमध्ये डब्ल्यूपीएफचा ॲप्लिकेशन एकदाच बनतो. तुमचा कोड दुसऱ्या कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून चालत असेल, तर त्या सॉफ्टवेअरनं किंवा शेजारच्या प्लगइननं तो आधीच बनवलेला असू शकतो. म्हणून आधी करंट नल आहे का बघा, असेल तरच बनवा. नसेल तर असलेल्यालाच तुमची डिक्शनरी जोडा. जोडताना स्टाइलच्या किल्ल्यांना स्वतःचा उपसर्ग द्या, नाहीतर तुमचं बटण शेजाऱ्याच्या रंगात दिसेल.

‘एकदाच’चा अर्थ शब्दशः घ्यायचा. ॲप्लिकेशन एकदा शटडाउन झाला की करंट पुन्हा नल दिसतो, पण नवा बनवायला गेलात तर तोच एरर. मेनूतून डब्ल्यूपीएफचा विझार्ड पहिल्यांदा उघडतो आणि दुसऱ्यांदा क्रॅश होतो, त्यामागे हेच असतं.

८. ‘कॉलिंग थ्रेड एसटीए असला पाहिजे’ म्हणजे काय? मेनवर एसटीएथ्रेड तर लिहिलंय.

क्लिपबोर्ड, ड्रॅग-ड्रॉप, फाइल उघडायचा डायलॉग या गोष्टी विंडोजच्या जुन्या कॉम यंत्रणेवर उभ्या आहेत. तिला यूआयचा थ्रेड एसटीए (सिंगल-थ्रेडेड अपार्टमेंट) पद्धतीचाच लागतो. मेनवर खूण असूनही हा एरर आला तर तीन ठिकाणी पाहा.

मेन असिंक केला आहे का? सुरुवातीला मेसेज लूप नसतो, त्यामुळे पहिल्या अवेटनंतरचा कोड थ्रेडपूलच्या थ्रेडवर जातो आणि तो एमटीए (मल्टि-थ्रेडेड, एसटीएच्या उलट) असतो. मेन साधा ठेवा, अवेटची कामं फॉर्मच्या लोडमध्ये न्या. मेन न लिहिता थेट टॉप-लेव्हल स्टेटमेंट्स लिहिली आहेत का? त्यांच्यावर ही खूण लावायची सोयच नाही. आणि स्प्लॅशस्क्रीनसाठी वेगळा थ्रेड काढला आहे का? त्याला सुरू करण्याआधी एसटीए ठरवावं लागतं, आणि त्या थ्रेडवर स्वतःचा डिस्पॅचर (डब्ल्यूपीएफचा मेसेज लूप) चालवावा लागतो.

स्प्लॅशमुळेच येणारा दुसरा एरर म्हणजे ‘हा ऑब्जेक्ट दुसऱ्या थ्रेडचा आहे’. दोन थ्रेडमध्ये मिळून वापरायचे ब्रश आणि चित्रं आधी फ्रीझ करा, तो जातो.

९. लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड टाकला की ती बंद होते आणि तिच्याबरोबर अख्खा प्रोग्रॅमच. एरर नाही, काही नाही.

हा क्रॅश नाहीच, म्हणून इव्हेंट व्ह्यूअरही गप्प असतो. डब्ल्यूपीएफचा मूळ शटडाउनमोड ‘शेवटची खिडकी बंद झाली की संपव’ असा आहे. त्या क्षणी लॉगिन हीच शेवटची खिडकी. त्यानंतर मुख्य खिडकी उघडायला गेलात तर कधी कधी ‘ॲप्लिकेशन बंद होत आहे’ असं एक्सेप्शनही येतं. मोड ऑनएक्स्प्लिसिटशटडाउन करा आणि मुख्य खिडकी बंद होताना शटडाउन स्वतः बोलवा. ते बोलवायला विसरलात तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅमची भुतं साठत जातील.

१०. ‘सेटकम्पॅटिबलटेक्स्टरेंडरिंगडिफॉल्ट पहिल्या खिडकीच्या आधी बोलवा’ असं येतं. ती तर मेनची पहिलीच ओळ आहे!

पहिली ओळ दिसते, पहिली धावत नाही. प्रोग्रॅम क्लासच्या वर कुठेतरी स्टॅटिक फील्डमध्ये एखादा फॉर्म किंवा कंट्रोल ‘न्यू’ केलेला असतो, आणि तो मेनच्या आतल्या ओळींच्या आधी बनू शकतो. तो शोधा आणि मेनच्या आत आणा. मुख्य प्रोग्रॅम डब्ल्यूपीएफचा असेल तर ही ओळ बटणाच्या हँडलरमध्ये कॉपी-पेस्ट होऊन आलेली नाही ना, तेही बघा.

११. माझ्या मशीनवर मस्त चालतं. ग्राहकाकडे उघडतच नाही.

क्रमानं तपासा. डॉट नेट कोअर ३.० पासून (सप्टेंबर २०१९) पुढच्या आवृत्त्यांमध्ये साधं रनटाइम आणि डेस्कटॉप रनटाइम वेगवेगळे आहेत. नुसतं ‘डॉट नेट रनटाइम’ टाकलं असेल तर विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ दोन्ही नाहीत. तेही योग्य बिटचं हवं: ३२ बिटच्या एक्झेला ६४ बिटचं डेस्कटॉप रनटाइम कामाचं नाही.

मग जुने ओसीएक्स. वजनकाट्याचा किंवा बारकोडचा ३२ बिटचा ओसीएक्स असेल आणि तुमची एक्झे एनीसीपीयू (३२-६४ बिट दोन्हींवर चालणारी) असेल, तर ६४ बिटच्या विंडोजवर ती सहसा ६४ बिटमध्ये धावते आणि त्याला उचलू शकत नाही. ‘क्लास नोंदलेला नाही’, म्हणजे कोड ८००४०१५४, किंवा बॅडइमेजफॉरमॅट येतं. एक्झे सरळ एक्स८६ (३२ बिटची) करा. ओसीएक्स पुन्हा पुन्हा रजिस्टर करत बसण्यात काही राम नाही.

तिसरं, एकाच फाइलमध्ये पब्लिश केलंत आणि फक्त एक्झे पेनड्राइव्हवर नेलीत. डब्ल्यूपीएफच्या काही डीएलएल डॉट नेटच्या नाहीत, नेटिव्ह आहेत (उदाहरणार्थ डब्ल्यूपीएफजीएफएक्स), आणि त्या मुळात एक्झेच्या शेजारी वेगळ्या पडतात. ‘इन्क्लूडनेटिव्हलायब्ररीजफॉरसेल्फएक्स्ट्रॅक्ट’ ट्रू करा किंवा अख्खा फोल्डर न्या. आकार कमी करायला ट्रिमिंगच्या (न लागणारा कोड कापण्याच्या) नादी लागू नका, या दोन्हींना ते मानवत नाही आणि बिल्डच अडवते.

१२. एकाच पीसीवर, एकाच ग्राहकाकडे क्रॅश होतं. बाकी वीस ठिकाणी व्यवस्थित.

ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या. रेंडरथ्रेडफेल्युअर, म्हणजे कोड ८८९८०४०६, दिसला तर संशय पक्का. विनफॉर्म्सचे जुने फॉर्म त्याच पीसीवर चालतात, कारण ते डायरेक्टएक्सच्या वाटेला जात नाहीत. ड्रायव्हर बदलून बघा. तोवर काम चालवायला सुरुवातीलाच रेंडरऑप्शन्सचा प्रोसेसरेंडरमोड ‘सॉफ्टवेअरओन्ली’ करा. ॲनिमेशन अडखळेल, बिल निघेल. बिल निघणं महत्त्वाचं.

१३. तारखेमुळे प्रोग्रॅम सुरूच होत नाही असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे. एका किराणा व्यापाऱ्याचा फोन आला: प्रोग्रॅम महिन्याच्या बारा तारखेपर्यंत चालतो, तेराला उघडत नाही, एक तारखेला आपोआप बरा होतो. दुकानातला मुनीम अमावास्या-पौर्णिमेशी ताळा लावून पाहत होता. झालं होतं ते असं. विनफॉर्म्सच्या बाजूनं आजची तारीख सेटिंगमध्ये दिवस-महिना-वर्ष अशी लिहिली जायची. नव्या स्क्रीनचा कोड ती त्या पीसीच्या रीजननुसार वाचायचा, आणि तिथे रीजन अमेरिकेचं होतं. ०५-०३-२०२४ म्हणजे त्याच्या लेखी तीन मे. चूक, पण गप्प. १३-०३-२०२४ वाचताना तेरावा महिना कुठून आणणार? फॉरमॅटएक्सेप्शन, तेही कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणून बाहेरून झॅमलपार्सएक्सेप्शन (प्रश्न ५).

साठवायची तारीख नेहमी ठरलेल्या नमुन्यात आणि इनव्हेरिअंट कल्चरनं (कुठल्याही देशाच्या रीजनवर न अवलंबता) लिहा, वाचा. शिवाय डब्ल्यूपीएफचं बाइंडिंग (माहिती स्क्रीनशी जोडणारी सोय) विंडोजचं रीजन काहीही असलं तरी मुळात अमेरिकन इंग्रजी धरून चालतं. त्यावर सगळीकडे सांगितला जाणारा तोडगा म्हणजे लँग्वेज प्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करणं. बरोबर आहे, पण तो एका प्रक्रियेत एकदाच करता येतो. दोन मॉड्यूलनी केला तर दुसरं मॉड्यूल सुरू होतानाच पडतं.

१४. क्रॅश नाही, पण डब्ल्यूपीएफचा स्क्रीन उघडला की आख्खा फॉर्म एकदम लहान होतो.

स्क्रीनचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल तिथेच होतं ना? तुमचा जुना फॉर्म डीपीआय (स्क्रीनची घनता) जाणत नाही, म्हणून विंडोज त्याला ताणून मोठा दाखवत होतं. डब्ल्यूपीएफ लोड होताच पूर्ण प्रक्रियेलाच डीपीआय जाणणारी म्हणून जाहीर करतं, आणि ताण सुटतो. मॅनिफेस्टमध्ये (विंडोजला प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) डीपीआयची नोंद सुरुवातीपासून करणं हा खरा उपाय, पण मग जुने फॉर्म नीट करायचं काम अंगावर येतं. तेवढा वेळ नसेल तर मुख्य असेंब्लीवर ‘डिसेबलडीपीआयअवेअरनेस’ ही खूण लावा. मॅनिफेस्ट हातानं बदलताना एखादा टॅग उघडा राहिला तर ‘साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन’चा एरर येऊन प्रोग्रॅम मेनपर्यंतही पोचत नाही. तेव्हा एसएक्सएसट्रेस हे साधन चुकलेली ओळ दाखवतं.

१५. डब्ल्यूपीएफची खिडकी उघडते, पण टेक्स्टबॉक्समध्ये टाइपच होत नाही.

विनफॉर्म्समधून ती शो करून उघडली असेल, तर आधी एलिमेंटहोस्टचं ‘एनेबलमोडलेसकीबोर्डइंटरॉप’ त्या खिडकीसाठी बोलवा. शोडायलॉगला याची गरज नसते.

१६. आता झॅमल आयलंड्स वापरून विंडोजचे नवे कंट्रोलही आत घेतलेत. लगेच क्रॅश.

म्हणजे घरात तिसरा कारभारी. ‘मॅक्सटेस्टेड आवृत्ती अपडेट करा’ अशा अर्थाचा संदेश असेल तर ॲप्लिकेशनच्या मॅनिफेस्टमध्ये मॅक्सव्हर्जनटेस्टेडची नोंद घाला, १०.०.१८३६२.० चालते. त्याहून जुन्या विंडोजवर हा मार्ग बंदच आहे, तिथे नवे कंट्रोल दाखवायचा प्रयत्नच करू नका. विंडोज ॲप एसडीके (नव्या कंट्रोलसाठीचं मायक्रोसॉफ्टचं किट) वापरत असाल आणि पॅकेज न करता साधी एक्झे देत असाल, तर ‘क्लास नोंदलेला नाही’ हा एरर प्रश्न ११ मधल्या ओसीएक्सचा नसतो. त्या एसडीकेचं रनटाइम मशीनवर नसतं. ते टाका किंवा प्रोजेक्ट सेल्फकंटेंड करा.

१७. टास्क शेड्यूलरमधून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममधून सुरू केलं तरच क्रॅश होतं. एररमध्ये फॉन्टकॅश असं काहीतरी आहे. फॉन्ट बदलू का?

फॉन्टचा दोष नाही. फॉन्टकॅश डॉट यूटिलचा टाइपइनिशियलायझेशनएक्सेप्शन आणि आत चुकीच्या यूआरआयची तक्रार अशी जोडी दिसली, तर त्या प्रक्रियेत ‘विनडिर’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे का बघा. डब्ल्यूपीएफ फॉन्टच्या फोल्डरचा पत्ता त्याच्यावरून काढतं. सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमनं एन्व्हायर्नमेंट पुसून नवं दिलं असेल तर तो गायब असतो. विनफॉर्म्सला याची पर्वा नसते, म्हणून पहिला फॉर्म उघडतो आणि डब्ल्यूपीएफचा स्क्रीन आला की सगळं कोसळतं. नुसत्या कमांड प्रॉम्प्टवर तपासू नका, तिथे तो असणारच. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत त्याची किंमत लॉग फाइलमध्ये लिहा आणि मग शेड्यूलरमधून चालवा. ओळ रिकामी आली तर दोष तुमच्या स्क्रीनमध्ये नाही, प्रोग्रॅम सुरू करणाऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे.